एअर पिस्तुलासाठी पेलेट कोणते घ्यावेत? चार डब्या, आणि गोव्याची दमट हवा

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या निशाण्याच्या कार्डावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. पेलेट, म्हणजे शिशाचा छर्रा, ४.५ मिलिमीटरचा, आणि त्याच्या भोकाची कड रेषेला टेकली की दहा गुण मिळतात. म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटर सरकला तरी दहा हातचे जात नाहीत. डबी निवडायची ती या ८ मिलिमीटरच्या हिशोबाने. त्यातले किती मिलिमीटर पेलेट स्वतः खातो आणि हातासाठी किती उरतात, हे पाहायचं.

पिस्तूल घट्ट बांधून दहा शॉट मारले आणि भोकांच्या मध्यांमधलं सगळ्यात मोठं अंतर १० मिलिमीटर आलं, तर ती डबी ८ पैकी ५ मिलिमीटर स्वतःच खाते आणि हाताला ३ उरतात. तेच अंतर २ मिलिमीटर आलं तर हाताला ७ उरतात. फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात, ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. २०२४ साली पॅरिसमध्ये मनू भाकरचं रुपेरी पदक ०.१ गुणाने हुकलं होतं, त्यामुळे वरच्या पातळीवर पेलेटचा एवढा विचार का होतो ते कळतं.

पण नवशिक्याला हे लागू नाही. ज्याचे शॉट अजून सातच्या वर्तुळापर्यंत पसरतात, त्याचा हात केंद्रापासून ३२ मिलिमीटर इकडेतिकडे जातोय. त्याला महागडी डबी देऊन कार्डावर काहीच फरक दिसत नाही. दहा शॉटांत सरासरी ८५ यायला लागेपर्यंत मधल्या दर्जाची डबी पुरे. पालकांनी तोवर उरलेले पैसे पंपाच्या फिल्टरवर घालावेत, त्याबद्दल पुढे.

आता डब्या. सगळे पेलेट चपट्या डोक्याचे, म्हणजे वॉडकटर. कार्डावर गोल, स्वच्छ भोक पडायला तेच लागतात. टोकदार किंवा गोल डोक्याचे पेलेट कागद फाडतात, मग भोकाची कड रेषेला टेकली की नाही यावर वाद होतात.

एच अँड एन कंपनीचा फिनाले मॅच आमच्या मते पहिल्या क्रमांकावर. जर्मन माल, ५०० ची डबी, हलक्या आणि जड अशा दोन्ही वजनांत मिळतो. मोठा फायदा म्हणजे डोक्याचा व्यास डबीवर छापलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१. शतांश मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण मॅच पिस्तुलात, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या स्पर्धेच्या पिस्तुलात, तोच कामाचा. स्प्रिंगच्या एअरगनमध्ये हवेचा धक्का जोरदार असतो, पेलेटचा स्कर्ट, म्हणजे मागचा पोकळ घेर, फुलून बॅरलला चिकटतो आणि थोडीफार तफावत झाकली जाते. मॅच पिस्तुलात पेलेट सेकंदाला साधारण १५० मीटरने सुटतो, स्कर्टला तेवढं फुलायला दाब मिळत नाही. त्यामुळे पेलेट मुळातच बॅरलला बसणारा हवा. सैल असला तर हवा कडेने निसटते आणि वेग शॉटगणिक बदलतो. फार घट्ट असला तर आत ढकलतानाच स्कर्ट वाकडा होतो. आधी ४.५० घ्या. तो अंगठ्याच्या हलक्या दाबाने, किंचित अडखळून बसला पाहिजे. सुळकन आत घसरला तर ४.५१ बघा.

आर डब्ल्यू एसचा आर १० हाही जर्मन, पिस्तुलासाठी ०.४५ ग्रॅमचा आणि रायफलसाठी ०.५३ ग्रॅमचा. दर्जाला फिनाले मॅचच्या तोडीचा. घेताना डबीवरचं वजन नीट वाचा, कारण दोन डब्या शेजारी ठेवल्या की पटकन ओळखू येत नाहीत. पिस्तुलात रायफलचा पेलेट वापरायला बंदी नाही, काही बॅरलला तो उलट जास्त मानवतो. पण दोन्ही कार्डावर वेगवेगळ्या जागी लागतात. सारख्याच ऊर्जेने सोडले तर ०.४५ चा पेलेट १५० च्या वेगाने जातो आणि ०.५३ चा १३८ च्या आसपास. दहा मीटरवर दुसरा जवळपास ४ मिलिमीटर जास्त खाली उतरतो, म्हणजे अर्धं वर्तुळ. डबी बदलली की मागची साइट पुन्हा लावायची, नाहीतर मूल दोन आठवडे ट्रिगरला दोष देत बसतं.

गामो मॅच स्पेनचा, ०.४९ ग्रॅमचा. रोजच्या सरावाची डबी म्हणून आमची पसंती याला. नव्वदच्या खालच्या नेमबाजाला याच्यात आणि वरच्या दोन डब्यांत फरक कळणार नाही.

देशी पेलेट स्वस्त, पण एकाच डबीत दोन-तीन तऱ्हेचे निघतात. कार्डाशिवाय, पांढऱ्या कागदावर ट्रिगरचा सराव करायला ठीक आहेत. गुण मोजायच्या सरावात ते वापरू नयेत. शॉट का गेला हे मुलाला कळलंच पाहिजे, आणि इथे चूक हाताची की शिशाची हे सांगता येत नाही.

डबी उघडली की आधी खिडकीपाशी जा. पाच-सहा पेलेट तळहातावर घेऊन स्कर्टची कड उजेडात फिरवा. चांगल्या पेलेटची कड अखंड गोल दिसते. प्रवासात चेपलेल्याला एका बाजूला सपाट खाच असते, नखाने चाचपली तर जाणवते. संशय असेल तर थोड्या तिरक्या काचेवर सोडून बघा: एका डबीतले पेलेट सारख्याच वळणाने घरंगळतात, बिघडलेला लंगडत वेगळीकडे जातो. डबीच्या तळाशी करडी पूड साचली असेल तर पेलेट आत एकमेकांवर आपटत आलेत. दुकानात शक्य असेल तर सीलबंद आणि झाकणाखाली फोम असलेलीच घ्या. गोव्यात दुकानात बहुधा साधे पेलेटच हाताला लागतात, मॅचचे मुंबई-पुण्याहून मागवावे लागतात. मग एकाच लॉट नंबरच्या, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेच्या, निदान दोन डब्या एकदम घ्या. आठवड्याला चार दिवस ६० शॉट म्हटले तर ५०० ची डबी दोन आठवडेच पुरते, आणि पुढची डबी दुसऱ्या लॉटची आली की बॅरलला नवीन ओळख करून द्यावी लागते.

चाचणी अशी करा. पिस्तूल रबर लावलेल्या व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंजात, बांधा. नसेल तर वाळूच्या पिशवीवर टेकवा. सिलिंडरमधल्या हवेचा दाब १०० बारच्या वर असू द्या. नवीन डबीचे पहिले १५ शॉट मोजायचे नाहीत, आधीच्या शिशाचा थर जाऊन नवा बसायला तेवढे लागतात. मग प्रत्येकी दहा शॉटांची पाच कार्डं, दर कार्डाला नवा कागद, दोन शॉटांमध्ये सारखाच वेळ. व्हर्नियरने भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं सगळ्यात मोठं अंतर घ्या आणि त्यातून ४.५ वजा करा. पाचही कार्डांची सरासरी धरा. बहुतेक जण सगळ्यात सुंदर कार्ड खिशात घालून फिरतात. त्या कार्डावरून डबी घेतली तर पुढच्या स्पर्धेत कोडं पडतं.

गोव्यात खरा घात हवा करते. जून ते सप्टेंबर कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते, तिथे शिसं सुटत नाही. पेलेटवर पांढरी पूड धरते, बोटाला खडूसारखी लागते. ती शिशाचं कार्बोनेट आहे. ओलाव्याने होतेच, पण आम्लाची वाफ मिळाली की झपाट्याने वाढते. म्हणून डबी लाकडी कपाटात, पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा स्वयंपाकघरात ठेवू नका. नारळाच्या ताडीच्या व्हिनेगरची बाटली ज्या फडताळात असते तिथे तर अजिबात नको, व्हिनेगरची वाफ शिशाला खाते. घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारी जेल घेतली तर ती कधी भरली ते दिसतं, मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येते. रेंजवर नेताना त्या दिवशीचे ८० पेलेट छोट्या डबीत काढा आणि मोठी बंदच ठेवा. एसीच्या खोलीतून थंड डबी बाहेर आणली तर उघडण्याआधी अर्धा तास थांबा, नाहीतर आत दव धरतं.

हीच गत सिलिंडरची. हातपंपाने पावसाळ्यात हवा भरली की बाहेरचा ओलावा २०० बारपर्यंत दाबून आत घातला जातो, पाणी आतच साचतं. त्याने हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर बिघडला की पेलेटचा वेग वरखाली होतो, आणि दोष पेलेटवर येतो. पंपाला वाळवणारा फिल्टर लावा आणि त्यातली जेल दर पंधरवड्याला बदला. त्याहून सोपा उपाय आपल्याकडे आहे: गोव्यातल्या डायव्हिंगवाल्यांकडे स्कूबाची टाकी भरतात ती हवा कोरडी आणि गाळलेली असते. योग्य अडॅप्टरने त्या टाकीतून सिलिंडर भरा, हळू भरा, छापलेल्या दाबाच्या वर जाऊ नका. ऑक्सिजन कधीच नाही, त्याने स्फोट होतो. सिलिंडरवरची तारीखही बघा, बहुतेक मॅच पिस्तुलांच्या कंपन्या १० वर्षांनंतर तो वापरू देत नाहीत.

बॅरलला तेल घालू नका. साधारण ५०० शॉटांनंतर दोन-तीन कोरडे फेल्टचे बोळे मारा, पुरे. लोखंडी सळई आत घातली तर बॅरलचे खाचे कायमचे ओरबाडले जातात.

शिसं पोटात जाणं मात्र खरंच गंभीर आहे, आणि इथे रेंज बहुतेक मुलांनी भरलेली असते. पेलेट दातात धरायची सवय पहिल्याच दिवशी मोडा. रेंजवर भजी, बिस्किटं काही नको. घरी गेल्यावर आधी साबणाने हात, मग जेवण. पेलेट ट्रॅपभोवतीची, म्हणजे कार्डामागे पेलेट अडवणाऱ्या पेटीभोवतीची, जमीन कोरड्या केरसुणीने झाडू नका, पूड हवेत उडते. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं वेगळं ठेवा. पांढरी पूड आलेले पेलेट धुऊन वाचवायचा प्रयत्न करू नका. झाकणाच्या डब्यात भरून ट्रॅपमधल्या शिशाबरोबर भंगारवाल्याकडे द्या, आणि घरच्या चुलीवर ते वितळवायला कोणालाही देऊ नका.