नकल्सचं पालकत्व घ्यावं का? सेंटर फॉर ग्रेट एप्सच्या योजनेबद्दल

फ्लोरिडातल्या वॉचुला इथलं हे अभयस्थान चिंपांझी आणि ओरांगउटानांना आयुष्यभर सांभाळतं. ‘पालकत्व’ नावापुरतं, प्राणी तिथेच राहतो, तुमचे पैसे देखभालीला जातात.

नकल्स या चिंपांझीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. 2001 साली आला तेव्हा त्याला धड बसता येत नव्हतं, स्वतःच्या हाताने खाताही येत नव्हतं. व्यायामोपचारांनी तो चालायला, चढायला लागला. अशा प्राण्याचा खर्च खाण्यावर कमी, माणसांवर जास्त. स्नायू आखडतात म्हणून सांधे रोज हलवावे लागतात. एकाच कुशीवर पडून राहिला तर कातडीला जखमा होतात. चढायच्या जागा बुटक्या हव्यात, खाली जाड गवत हवं. कळपात थेट सोडायची तर सोयच नाही: आडदांड नराचा एक धक्काही जबर लागतो. म्हणून शांत सोबती निवडून, नजरेखालीच भेट घडवतात.

जमेची बाजू म्हणजे इथे पिल्लांची पैदास नाही, प्राण्याला कडेवर घेऊन फोटोही नाहीत. जिथे हे चालतं, तिथे एक रुपयाही देऊ नये. रोजच्या पर्यटकांना मात्र दार बंद. सभासदांसाठी ठरावीक दिवस असतात.

भारतातून देताना कार्डावर परदेशी व्यवहार चालू करा, नाहीतर पैसे अडकतात. बँकेचा चलन-अधिभार वेगळा, आणि देणगीवरची आयकरातली 80जीची सवलत मिळत नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी आधी कंपनीत मॅचिंग देणगीची (तुमच्या रकमेला कंपनीने घातलेली जोड) चौकशी करावी. एकदाच्या देणगीपेक्षा दरमहा छोटी रक्कम बरी.