निवृत्तीनंतरचं लेखन आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड : आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मराठी टायपिंगचा विषय निघाला की पहिला प्रश्न वेगाचा येतो. कादंबरी लिहिणाऱ्याला वेगाचं फारसं सोयरसुतक नसतं. त्याचा निम्मा वेळ खाडाखोडीत जातो. 'गेला'चा 'गेलेला' करायचा, वाक्याच्या शेपटीचं 'होतं' उडवायचं, चार पानं पुढे जाऊन परत यायचं आणि तेच 'होतं' पुन्हा बसवायचं. म्हणून साधन जोखताना विचारावं ते इतकंच: एक काना किंवा एक मात्रा बदलायला किती खटपट पडते? बोलून टायपिंग, रोमन अक्षरांतून मराठी आणि इनस्क्रिप्ट (बटणांवर थेट देवनागरी अक्षरं बसवलेली कीबोर्डची मांडणी) हे तिन्ही प्रकार घरच्या टेबलावर वापरल्यावर या एका कसोटीवर इनस्क्रिप्ट टिकतो. त्याचे दोषही थोडेथोडके नाहीत, ते पुढे येतीलच.

आधी बोलून टायपिंग. गूगलने 2017 साली मराठी त्यात घेतली. क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडायचं, 'टूल्स'मधून 'व्हॉइस टायपिंग' निवडायचं (कंट्रोल-शिफ्ट-एस), भाषा मराठी करायची आणि बोलायला लागायचं. न-ण, श-ष बहुतेक वेळा बरोबर पडतात. पत्रं, टिपणं, दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणाचा कच्चा आराखडा, एवढ्यासाठी उत्तम. संवाद आला की गाडी अडते. मराठीत स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह बोलून पडत नाही, सगळं नंतर हाताने घालावं लागतं. दुसरी अडचण जास्त खोलवर जाते. 'काय करतंय रं पोरगं' म्हटलं की 'रं'वरचा अनुस्वार कधी येतो, कधी गळतो. 'व्हय' म्हणावं तर 'होय' उमटतं. यंत्र ओळखीच्या, प्रमाण शब्दाकडे ओढ घेतं आणि पात्राची बोली अलगद पुसून टाकतं. निवेदनात एका ओळीत 'केलं' आणि पुढच्या ओळीत 'केले' असंही होतं. त्यात घर म्हणजे घर: कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्या खोलीतली मालिका, फुलस्पीडवरचा पंखा. पहाटे साडेचारला लिहिणाऱ्याने तर मोठ्याने बोलून अख्ख्या घराची झोप मोडू नयेच.

रोमन अक्षरांतून लिहिण्याबद्दल थोडक्यात. विंडोजमध्ये 2019 पासून 'मराठी फोनेटिक' आहे, फोनवर गूगलचा जीबोर्ड कीबोर्ड आहे. शिकायला काहीच लागत नाही, हा मोठा गुण. पण प्रत्येक शब्दाला पर्यायांची यादी खाली लोंबते आणि नजर तिकडे जाते. 'माळ' की 'माल', 'बाण' की 'बान' हे दर वेळी निवडायचं. वाक्याची लय डोक्यात चालू असताना हे दर पावलाला ठेचकाळल्यासारखं होतं. शिवाय एक मात्रा बदलायची तर बहुधा अख्खा शब्द नव्याने टाइप करणंच सोपं पडतं.

आता इनस्क्रिप्ट. विंडोज 10 किंवा 11 मध्ये सेटिंग्ज, मग 'टाइम अँड लँग्वेज', मग भाषांच्या यादीत मराठी जोडायची. तिच्या ऑप्शन्समध्ये नुसतं 'मराठी' लिहिलेला कीबोर्ड असतो, तोच इनस्क्रिप्ट. इंग्रजी-मराठी अदलाबदल विंडोज-स्पेसने. मांडणी एकदा समजली की डोक्यात बसते: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. मधल्या ओळीत डावीकडे ए, एस, डी, एफ, जी या बटणांवर ओ, ए, हलन्त (अक्षराचा पाय मोडण्याचं चिन्ह), ऱ्हस्व इ आणि ऱ्हस्व उ. उजवीकडे एच, जे, के, एल वर प, र, क, त. शिफ्ट दाबलं की क चा ख, ग चा घ, त चा थ, द चा ध. मराठीत व्यंजन-मात्रा-व्यंजन अशीच चाल असल्याने दोन्ही हात आळीपाळीने चालतात.

'स्वयंपाक' बोटांनी असा होतो: एम (स), डी (हलन्त), बी (व), स्लॅश (य), एक्स (अनुस्वार), एच (प), ई (काना), के (क). जोडाक्षराचा नियम सगळीकडे एकच, आधीचं अक्षर, हलन्त, पुढचं अक्षर. रफारही तसाच: 'वर्ष' म्हणजे व, र, हलन्त, ष. गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर आयुष्य घालवलेल्यांना मात्र पहिले काही आठवडे जड जातात. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, इथे नंतर. 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी. जुना हात हट्टाने आधी वेलांटी मारतो आणि पडद्यावर रिकामं टिंबांचं वर्तुळ उमटतं.

दुरुस्ती करताना याचं खरं मोल कळतं. बॅकस्पेस मागून एकेक घटक काढतो, त्यामुळे 'क्षी'ची फक्त वेलांटी उडते, 'क्ष' जागच्या जागी राहतो. डिलीट मात्र पुढचं अख्खं जोडाक्षर गिळतं. हा फरक लक्षात ठेवून कर्सर नेहमी अक्षराच्या पुढे, म्हणजे उजवीकडे, नेऊन ठेवायची सवय लावावी.

'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'कुऱ्हाड' हे शब्द पुष्कळ जण 'दुसर्या' असे लिहितात, आणि डोक्यावर रफार बसलेला तो शब्द वाचवत नाही. इथे साधा र चालत नाही. शिफ्ट-जे दाबून ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य किंवा ह. अडचण पुढे येते ती शोधताना. कुठून तरी चिकटवलेल्या मजकुरात तोच शब्द साध्या र पुढे हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घालून केलेला असतो. दिसायला दोन्ही सारखे, पण 'फाइंड'ला ते दोन वेगळे शब्द वाटतात. पात्राचं आडनाव 'पाऱ्हे'चं काही बदलायचं ठरवलं तर निम्म्या जागी बदल होतो, निम्म्या जागी जुनंच राहतं. 'ॲ'चीही तीच गत: एकसंध ॲ वेगळा आणि अ वर चंद्र चढवलेला वेगळा. हस्तलिखित संपवण्याआधी या दोन्हींची एकदा झाडणी करावी.

आणि आता मोठी तक्रार. ही मांडणी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कथा-कादंबरी नसावी. अवतरणचिन्हाच्या बटणावर ट बसलाय, अर्धविरामाच्या जागी च, प्रश्नचिन्हाच्या बटणावर य, उद्गारचिन्हाच्या जागीही स्वर. म्हणजे दोन माणसं बोलायला लागली की दर ओळीला इंग्रजीत जा, चिन्ह टाका, परत या. यावर वर्डमध्ये उपाय आहे: 'इन्सर्ट', 'सिम्बॉल', 'मोअर सिम्बॉल्स', हवं ते चिन्ह निवडून 'शॉर्टकट की'. उघडणाऱ्या अवतरणाला ऑल्ट-9, मिटणाऱ्याला ऑल्ट-0, प्रश्नचिन्हाला ऑल्ट-8, उद्गारचिन्हाला ऑल्ट-7 असं एकदा ठरवून दिलं की संवाद सुरळीत चालतो. हे केलं नाही तर इनस्क्रिप्ट महिन्याभरात सुटतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरात लॅपटॉप एकच असेल तर मराठी चालू ठेवून उठू नये. पुढचा माणूस पासवर्ड टाकतो, दिसतात नुसती टिंबं, आत पडतं देवनागरी, आणि 'कीबोर्ड बिघडला' अशी आरोळी येते.

वर्डमध्ये आणखी एक गोम आहे. देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार वेगळा नोंदला जातो, फॉन्टच्या चौकटीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' नावाखाली. स्टाइलमध्ये फक्त वरचा आकार 14 केला तर मराठी मजकूर होता तेवढाच राहतो. फॉन्टचं म्हणाल तर मंगलमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. तासन् तास वाचायला 'टिरो देवनागरी मराठी' डोळ्यांना सुखाचा आहे, वळणही आपलं.

जेवणाचं टेबल साधारण अडीच फूट उंच असतं, टायपिंगला ते उंच पडतं. खांदे वर चढतात, तासाभरात मान धरते. लॅपटॉप चार जाडजूड पुस्तकांवर ठेवून पडदा डोळ्यांसमोर आणावा, वेगळा वायरचा कीबोर्ड घ्यावा आणि खुर्चीवर उशी टाकून कोपर बटणांच्या पातळीला आणावं. पाय लोंबायला लागले तर खाली पाट. बटणांवर मराठी स्टिकर लावू नयेत. उन्हाळ्यात घामाने त्यांच्या कडा सुटतात, आणि मुख्य म्हणजे नजर खालीच राहते. त्याऐवजी मांडणीचा छापील कागद पडद्याशेजारी चिकटवावा. नजर वर राहिली की बोटं लवकर शिकतात.

जुनी पुस्तकं श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतील तर ती युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण संकेतांत) आणताना रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ऱ्य या तीन जागा हटकून बिघडतात. रूपांतर झाल्यावर तेवढ्याच डोळ्यांत तेल घालून तपासाव्यात. प्रकाशकाकडे वर्डच्या फाइलसोबत तिची पीडीएफही पाठवावी. पुस्तकाची पानं लावण्याच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतात. पीडीएफ समोर असली की मुळात काय होतं ते अक्षरजुळणी करणाऱ्याला दिसतं, आणि मुद्रितांची एक फेरी वाचते.