ठाणे स्टेशनचं वाय-फाय: भीक नको, पण ऑटो-कनेक्ट आवर

ठाण्याच्या फलाटावर फोनमधली वाय-फायची यादी उघडली की 'रेलवायर' दिसतं, कुलपाच्या खुणेशिवाय. वाशी-पनवेललाही तेच नाव. रेल्वेच्या रेलटेल या कंपनीची ही सेवा जानेवारी 2016 मध्ये गूगलच्या साथीने मुंबई सेंट्रलपासून सुरू झाली. 2020 मध्ये गूगलने अंग काढून घेतलं, रेलटेलने गाडा पुढे चालवला. मार्च 2021 मध्ये जाहीर झालेला हिशेब असा: दिवसाला पहिली 30 मिनिटं फुकट, वेग 1 एमबीपीएस. त्यापुढे 10 रुपयांत एक दिवस 5 जीबी किंवा 70 रुपयांत 30 दिवस 60 जीबी, वर जीएसटी, वेग 34 एमबीपीएसपर्यंत.

1 एमबीपीएसने अर्ध्या तासात फार तर 225 एमबी उतरतं. मेल, तिकीट, एखादी पीडीएफ एवढ्यावर भागतं, व्हिडिओचं नाव काढू नका. दिवसाचा डेटा संपलेल्याला मात्र हे खरंच कामाला येतं, कारण ओटीपीचा एसएमएस यायला डेटा लागत नाही. मेल-एक्स्प्रेसची वाट बघत तासभर बसायचं असेल तर दहा रुपयेही वसूल होतात.

लोकलवाल्याचं दुखणं वेगळंच आहे. 'आपोआप जोडणी' म्हणताना आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. फोन वाय-फायला चिकटणं ही पहिली, आणि मोबाइल नंबर, ओटीपी टाकून लॉगिनचं पान ओलांडणं ही दुसरी. फोन आपोआप करतो ती फक्त पहिली. चिकटल्यावर तो गूगल किंवा ॲपलच्या ठरलेल्या पत्त्यावर एक छोटी विचारणा धाडतो. अपेक्षित उत्तराऐवजी लॉगिनचं पान आलं, की 'साइन इन करा' अशी सूचना दाखवतो. तोवर अँड्रॉइड सहसा मोबाइल डेटाच वापरत राहतो, त्यामुळे बिघडत काही नाही. बिघडतं ते एकदा लॉगिन झाल्यावर. आता फोनच्या लेखी हे वाय-फाय चांगलं. गाडी ठाण्यात शिरली की तो मोबाइल डेटा सोडून तिकडे उडी मारतो, गाडी कळव्याकडे निघाली तरी मरत्या सिग्नलला धरून बसतो, आणि तेवढ्यात व्हॉट्सॲप कॉल तुटतो. 30 मिनिटं संपल्यावरही तीच गत: वाय-फायची खूण पूर्ण, पान मात्र फिरतंय.

म्हणून लोकलने रोज ये-जा करणाऱ्यांनी ऑटो-कनेक्ट बंदच ठेवावं. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क व इंटरनेट, इंटरनेट, मग नावापुढचं चाक दाबून 'ऑटो-कनेक्ट' बंद. सॅमसंगमध्ये हेच 'कनेक्शन्स'खाली सापडतं. आयफोनमध्ये वाय-फाय उघडून नावापुढच्या 'आय'वर टॅप करा, 'ऑटो-जॉइन' बंद. हे फलाटावर, जोडलेलं असतानाच करा. घरी बसून समोरच्या यादीत हे नाव दिसणार नाही.

लॉगिनचं पान उघडतच नसेल तर पहिला संशय अँड्रॉइडच्या 'प्रायव्हेट डीएनएस'वर घ्या, म्हणजे वेबसाइटचं नाव कुणाकडून शोधून घ्यायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगवर. जाहिराती अडवायला तिथे एखाद्या सेवेचा पत्ता घातला असेल तर लॉगिन होईपर्यंत तो पत्ता गाठता येत नाही आणि सगळंच अडतं. 'ऑटोमॅटिक' करा. कायम चालू असलेला व्हीपीएनही तेवढ्यापुरता थांबवा. तरी नाहीच, तर ब्राउझरमध्ये 'एचटीटीपीएस' नसलेलं एखादं पान उघडा. नेव्हरएसएसएल डॉट कॉम त्यासाठीच आहे. दोन सिम असतील तर चालू असलेल्या सिमचाच नंबर टाका.

आयफोनवाल्यांची आणखी एक तक्रार असते: परवा लॉगिन केलं, आज पुन्हा ओटीपी. आयओएस 18 पासून उघड्या वाय-फायसाठी फोन आपला वाय-फाय पत्ता साधारण दोन आठवड्यांनी बदलतो. पत्ता बदलला की लॉगिनच्या पानाला तुम्ही नवखे. 'प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस'मध्ये 'फिक्स्ड' निवडलं की हे कारण तरी मिटतं.

सकाळी साडेआठला सगळं ठीक असूनही पान हलत नाही, त्यात फोनचा दोष नाही. वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच, 1, 6 आणि 11. त्यातच फलाटभर लोकांचे हॉटस्पॉट चालू.

ऑटो-कनेक्ट बंद ठेवायचं दुसरं कारण सुरक्षेचं. उघडं वाय-फाय फोन मुख्यतः नावावरून ओळखतो. कुणीही आपल्या हॉटस्पॉटला तेच नाव देऊन बसला तर फोन तिकडेही बिनदिक्कत जाईल. बँकेचं काम मोबाइल डेटावरच उरका.

आपोआप जोडणी नीट करता येते, पण त्याची वाट वेगळी. लंडनच्या भुयारी रेल्वेत 2012 पासून स्टेशनांवर वाय-फाय आहे, आणि तिथे मोबाइल कंपनीच्या सिमवरूनच ओळख पटवण्याची सोय वापरली जाते. फोन सिमच्या आधारे स्वतःच ओळख देतो, जोडणी कूटबद्ध होते, ना पान ना ओटीपी. पासपॉइंट नावाचं तंत्र याच जातीचं, आणि आजच्या बहुतेक फोनांत ते असतंच. नेटवर्कने ते द्यायला हवं. अशा नेटवर्कला मात्र ऑटो-कनेक्ट बिनधास्त चालू ठेवा.

जमिनीखाली तर ओटीपीची पद्धत मुळातच फसते. घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रोच्या ॲक्वा लाइनसाठी खाली जाणाऱ्या ठाणेकराच्या हे लगेच लक्षात येईल: तुमच्या कंपनीची रेंज नसेल तर एसएमएस येणार नाही, आणि रेंज असेल तर वाय-फायची तितकी गरज नाही. ऑगस्ट 2024 मध्ये मंजूर झालेल्या ठाणे रिंग मेट्रोच्या 22 स्टेशनांपैकी 2 भुयारी आहेत. तिथलं वाय-फाय अजून कागदावरही असेल-नसेल. निविदेत सिमवरून ओळखीची अट आत्ताच घालून घेतलेली बरी.

आजच्या सेवेला पाचपैकी अडीच. बाकावर बसलेल्याला साडेतीन, दारात लटकणाऱ्याला एक.