वाचनाचे लक्ष्य, गोष्टींचा तास की कार्यशाळा? सार्वजनिक ग्रंथालयातील उन्हाळी उपक्रमांचा तुलनात्मक आढावा

उन्हाळी सुट्टी लागण्याच्या सुमारास सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागात उपक्रमांची लांबलचक यादी लागते. तीत वाचनाचे लक्ष्य, गोष्टींचा तास, कागदकाम, विज्ञानाचे प्रयोग, बाहुलीनाट्य असे सगळे एकाखाली एक मांडलेले असल्यामुळे हे सारे एकाच जातीचे आहे, असा पालकांचा समज होतो. प्रत्यक्षात या यादीत तीन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. वाचनाच्या लक्ष्यात मूल घरी वाचते आणि ग्रंथालयात त्याची नोंद होते. गोष्टींच्या तासात मूल ऐकते आणि वाचणारे मोठे माणूस असते. कार्यशाळेत मूल हाताने काही करते आणि पुस्तक आसपास असते किंवा मुळीच नसते. मुलाचे वय, त्याची वाचनाची तयारी आणि घरातल्या मोठ्यांकडे असलेला वेळ यांवर यांपैकी काय निवडावे हे ठरते. माझ्यापुरती मात्र मी एक कसोटी लावतो. उपक्रम संपल्यावर मूल स्वतः निवडलेले पुस्तक घेऊन घरी जाते का, आणि त्या पुस्तकाविषयी त्याच्याशी बोलणारे कोणी आहे का, हे मी आधी पाहतो. बाकीच्या सोयी-गैरसोयी त्यानंतरच्या.

ही कसोटी हवेतून आलेली नाही. समाजशास्त्रज्ञ बार्बरा हेन्स यांनी अटलांटा शहरातील सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध केला. सुट्टीतल्या ज्या ज्या गोष्टींचा मुलांच्या प्रगतीशी संबंध त्यांनी तपासला, त्यांत सर्वांत ठळक आणि सातत्याने दिसणारा संबंध वाचनाचा होता. ज्यांच्या घराजवळ सार्वजनिक ग्रंथालय होते ती मुले अधिक वाचत होती, हेही त्यांना आढळले. सुट्टीत मुलांची शैक्षणिक घसरण नेमकी किती होते, यावर पुढे बरीच चर्चा झाली. हॅरिस कूपर व सहकाऱ्यांनी १९९६ साली ३९ अभ्यासांच्या आढाव्यातून ती सरासरी सुमारे एका महिन्याच्या शिक्षणाएवढी असल्याचे मांडले, तर नंतरच्या काही संशोधकांनी अशा मोजमापाच्या पद्धतीवरच शंका घेतली. उपक्रम निवडणाऱ्या पालकाने या वादात अडकण्याचे कारण नाही. हेन्स यांच्या अभ्यासातून व्यवहारात उपयोगी पडणारी जी गोष्ट मिळते, ती अंतराची आहे. दूरच्या शाखेतला देखणा कार्यक्रम आणि चालत जाता येईल अशा शाखेतला साधा कार्यक्रम यांत निवड करायची असेल, तर मी दुसरा निवडेन, कारण तिथे मूल कार्यक्रम नसलेल्या दिवशीही जाऊ शकते.

वाचनाचे लक्ष्य

उन्हाळी उपक्रमांचा हा सर्वांत जुना आणि सर्वाधिक पसरलेला प्रकार आहे. मूल नाव नोंदवते, त्याला एक नोंदपत्रक मिळते, आणि सुट्टीभर वाचलेल्याची नोंद करत ठरलेल्या टप्प्यांवर ते ग्रंथालयात दाखवायचे असते. ब्रिटनमधील ग्रंथालयांत १९९९ पासून चालणाऱ्या उन्हाळी वाचन आव्हानाची ओळख बराच काळ सुट्टीत सहा पुस्तके वाचण्याची राहिली आहे. इतर ठिकाणी पुस्तकांऐवजी मिनिटे किंवा वाचलेले दिवस मोजतात. हा फरक किरकोळ वाटला तरी मुलाच्या वागण्यावर त्याचा परिणाम मोठा होतो, म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी तो विचारून घ्यावा.

पुस्तके मोजली की पातळ पुस्तकांकडे हात जातो. तीनशे पानांची कादंबरी आवडीने वाचणाऱ्या मुलाच्या पत्रकावर पंधरा दिवसांत एकच नोंद दिसते आणि शेजारच्या मुलाच्या पत्रकावर दहा, हे पाहून ते पुढच्या वेळी जाड पुस्तक उचलत नाही. सावकाश वाचणाऱ्या मुलावर तर हा दुहेरी अन्याय आहे, कारण त्याचे कष्ट अधिक आणि नोंदी कमी. मिनिटे मोजण्यात हा अन्याय राहत नाही, पण घड्याळ मध्ये येते. वाक्य अर्धवट असताना वीस मिनिटे झाली म्हणून पुस्तक मिटणारे मूल हे त्या पद्धतीचेच फळ असते. दिवस मोजण्याची पद्धत मला या तिन्हींत उजवी वाटते. आज वाचले की नाही, एवढाच प्रश्न त्यात असतो. किती वाचले हे मुलावर सोडलेले असते आणि सवय मात्र दिवसाला बांधली जाते. तुमच्या ग्रंथालयात पुस्तकेच मोजत असतील, तर लक्ष्याचा आकडा मुलाला स्वतः ठरवू देतात का, हे विचारावे. अनेक ठिकाणी ही मुभा असते, पण पालकांनी विचारल्याशिवाय ती पुढे येत नाही.

कशाला वाचन म्हणायचे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. चित्रकथा, विनोदांचे संग्रह, माहितीपर पुस्तकातली सुटी प्रकरणे, ध्वनिपुस्तके, आईवडिलांनी किंवा आजीआजोबांनी मोठ्याने वाचून दाखवलेले पुस्तक, तिसऱ्यांदा वाचलेले तेच आवडते पुस्तक, हे सर्व जिथे नोंदीत धरले जाते, तो उपक्रम वाचक घडवण्याच्या बाजूचा आहे. जिथे इयत्तेप्रमाणे ठरवून दिलेल्या यादीतलेच पुस्तक चालते, तिथे सुट्टीचा गृहपाठ होतो. अमेरिकेतील रिचर्ड ॲलिंग्टन, ॲन मॅकगिल-फ्रॅन्झन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांतील शाळांमधल्या मुलांना सलग तीन उन्हाळे दर वर्षी १२ पुस्तके दिली. ही पुस्तके मुलांनी स्वतः निवडलेली होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत या मुलांची वाचनातील कामगिरी पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा चांगली आढळली. मुलांच्या निवडीला मोठ्यांनी नाक मुरडू नये, याचे याहून सबळ कारण मला ठाऊक नाही.

तरीही नुसते पुस्तक हातात देऊन भागत नाही. जेम्स किम आणि थॉमस व्हाइट यांनी २००८ साली तिसरी ते पाचवीच्या मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात फक्त पुस्तके मिळालेल्या मुलांत म्हणावा असा फरक दिसला नाही. ज्या मुलांना पुस्तकांबरोबरच समजून कसे वाचावे हे शिक्षकांनी सुट्टीआधी शिकवले होते आणि घरी मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले होते, त्यांची कामगिरी मात्र उंचावली. म्हणून पत्रकावर फक्त शिक्का मारून मुलाला परत पाठवणारे ग्रंथालय आणि ‘यातला कोणता भाग आवडला?’ असे विचारून पाच मिनिटे ऐकून घेणारे ग्रंथालय, यांच्या उपक्रमांची नावे सारखी असली तरी उपक्रम सारखे नसतात. नाव नोंदवण्याच्या आदल्या दिवशी बालविभागात थोडा वेळ उभे राहिले, तरी आपले ग्रंथालय यांपैकी कोणते, हे कळते.

बक्षिसांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण पालकांचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली बालवाडीतील मुलांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना ‘चित्र काढले तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले, काहींना न सांगता शेवटी ते दिले आणि काहींना काहीच दिले नाही. काही दिवसांनी वर्गात मोकळ्या वेळी पाहिले, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत घालवत होती. अनपेक्षितपणे बक्षीस मिळालेल्यांत अशी घट नव्हती. हा प्रयोग चित्रकलेचा होता, वाचनाचा नव्हे. आणि त्यातली मुले आवड असलेली होती. त्यामुळे पुस्तकाकडे फिरकतच नाही अशा मुलासाठी छोटेसे आमिष मुळीच वापरू नये, असा अर्थ मी काढणार नाही. पण आपणहून वाचणाऱ्या मुलाला प्रत्येक टप्प्यावर खेळणे देणारा उपक्रम निवडताना दोनदा विचार करावा. बक्षीस म्हणून मुलाला आवडीचे पुस्तक निवडून कायमचे घरी नेता येत असेल, तर माझी हरकत मावळते. सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्या एकालाच गौरवणारी स्पर्धा मात्र टाळावी. तिचा निकाल दुसऱ्या आठवड्यातच सर्वांना दिसू लागतो आणि मागे पडलेली मुले पत्रक आणणे बंद करतात.

गोष्टींचा तास

ज्याला अजून वाचता येत नाही, किंवा जे जोडाक्षरापाशी अडखळते, त्या मुलासाठी माझ्या मते यापेक्षा चांगला उपक्रम ग्रंथालयात नाही. ऐकताना मुलाला स्वतःच्या वाचनाच्या पातळीच्या पुष्कळ पुढची भाषा मिळते. बोलण्यात न येणारे शब्द, लांब वाक्यांची वळणे, गोष्ट कुठे थांबते आणि कुठे वळते याची जाण, हे सारे अक्षरांचे ओझे न घेता आत जाते. सात-आठ वर्षांच्या, वाचता येऊ लागलेल्या मुलांनाही मोठ्याने वाचलेले ऐकायला हवे असते. ‘आता तू मोठा झालास, तुझे तू वाच’ असे म्हणून आपण ते फार लवकर बंद करतो, याची मला खंत वाटते.

येथे वयोगट आधी पाहावा. दोन ते दहा वर्षांच्या मुलांना एकत्र बसवले की लहानगी उठून फिरू लागतात आणि मोठी कंटाळतात. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अर्ध्या तासाच्या आत आटोपणारा, गाणी आणि हातवारे मध्ये पेरलेला तास चांगला. पालकांना सोबत बसू देतात का, हेही पाहावे, कारण वाचणारी व्यक्ती चित्र दाखवून थांबते, मुलांना पुढे काय होईल ते विचारते, आवाज बदलते, हे पाहून पालकही घरी तसेच वाचू लागतात. शेवटची खूण टेबलावर सापडते. वाचलेल्या पुस्तकाच्या जास्तीच्या प्रती आणि त्याच विषयाची आणखी चार पुस्तके मांडून ठेवलेली असतील, तर तो तास ग्रंथालयाचा आहे. नसतील, तर तो एक चांगला करमणुकीचा कार्यक्रम आहे.

कार्यशाळा

गर्दी येथेच सर्वाधिक होते, जागा मोजक्या असतात आणि नावनोंदणी लवकर संपते. मुलाचे हात कामात गुंततात, अनोळखी मुलांशी ओळख होते आणि ‘मला वाचायला आवडत नाही’ असे ठामपणे सांगणारे मूलही आनंदाने आत शिरते. या शेवटच्या कारणासाठी मी कार्यशाळांना कमी लेखत नाही. पण एकट्या कार्यशाळेतून वाचन वाढेल, अशी अपेक्षा ठेवू नये. कागदाचा पूल किती वजन पेलतो हे पाहिल्यावर पुलांची पुस्तके समोर ठेवली गेली, सावल्यांचा खेळ स्वतःच्या हाताने उभा करताना एखाद्या लोककथेचा आधार घेतला गेला, तर मुलाला पुढे जायला वाट असते. जादूचे प्रयोग किंवा मोठ्या गर्दीचा मनोरंजनाचा कार्यक्रम मुलाला ग्रंथालयाची पायरी पहिल्यांदा चढायला लावण्यापुरता उपयोगी आहे. त्यासाठी लांबचा प्रवास करण्यात अर्थ नाही. एकेकटी सुटी सत्रे आणि त्याच मुलांसाठी सलग चार-पाच भेटींत चालणारी कार्यशाळा यांत निवड असेल, तर दुसरी घ्यावी, कारण तिसऱ्या भेटीपर्यंत ग्रंथपाल मुलाला नावाने ओळखू लागतात आणि त्याच्या आवडीचे पुस्तक बाजूला काढून ठेवतात.

बारा वर्षांपुढच्या मुलांना वरील तिन्हींपैकी काहीच आपले वाटत नाही. त्यांच्यासाठी पुस्तकचर्चेचा गट असेल तर तो, आणि नसेल तर लहान मुलांना वाचून दाखवणारे स्वयंसेवक म्हणून नाव देण्याची सोय पाहावी.

कोणत्या मुलासाठी काय

आपणहून वाचणाऱ्या मुलासाठी वाचनाचे लक्ष्य पुरेसे आहे, तेही दिवस मोजणारे आणि बक्षिसांचा गाजावाजा नसलेले. त्याला खरी गरज असते एका वेळी अधिक पुस्तके नेण्याच्या मुभेची, म्हणून सुट्टीत ही मर्यादा वाढवतात का आणि उशीर झाल्यास दंड आकारतात का, हे विचारावे. दंडाच्या भीतीने पुस्तके कमी नेणारी घरे बरीच असतात.

वाचता येते पण अडखळत, आणि म्हणूनच टाळते, अशा आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी मी दोन उपक्रम जोडीने घेईन. आठवड्यातून एकदा गोष्टींचा तास आणि घरी रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचन, ज्याची नोंद लक्ष्याच्या पत्रकावर होईल. काही ग्रंथालयांत प्रशिक्षित कुत्र्याजवळ बसून त्याला वाचून दाखवण्याची सोय असते. चुका काढणारे कोणी नसल्याने बुजरे मूल तिथे मोकळे होते. अशी सोय मिळाली तर जरूर घ्यावी.

एका जागी न बसणाऱ्या मुलासाठी सुरुवात सलग कार्यशाळेने करावी आणि तिच्या विषयावरचे एक तरी पुस्तक प्रत्येक वेळी घरी न्यावे. घरात वेगवेगळ्या वयांची दोन-तीन मुले असतील, तर प्रत्येकासाठी वेगळा दिवस गाठण्याच्या खटाटोपात सुट्टी निघून जाते. अशा घरी सगळ्यांसाठी लक्ष्याचे पत्रक आणि सर्वांत धाकट्यासाठी गोष्टींचा तास पुरेसा होतो; तो चालू असताना मोठ्यांना कपाटांमध्ये रमता येते.

पालकांचा वेळही मोजावा लागतो. लक्ष्याच्या उपक्रमाला रोज थोडा वेळ लागतो, पण तो आपल्या सवडीने देता येतो. गोष्टींचा तास ठरलेल्या दिवशीच गाठावा लागतो. कार्यशाळेला नावनोंदणीच्या दिवशी धावपळ करावी लागते. दिवसभर कामावर असणाऱ्या पालकांनी संध्याकाळी किंवा सुट्टीच्या वारी चालणारे सत्र आहे का, आणि नोंदपत्रक दुसऱ्या कोणी आणून दाखवले तर चालते का, हे आधीच विचारून घ्यावे.

नाव नोंदवताना आणखी एक गोष्ट विचारावी. मध्येच दोन आठवडे बाहेरगावी गेलो, किंवा सुट्टी अर्धी उलटल्यावर आलो, तर मुलाला सामील होता येईल का? सुट्टीत प्रवास, आजारपण, पाहुणे हे सगळे असतेच, आणि एकदा नोंदी तुटल्या की मुलाला पत्रक बाहेर काढण्याचीही लाज वाटू लागते. खाडा झालेल्या मुलाला कोरे पत्रक देऊन पुन्हा सुरुवात करू देणारे ग्रंथालय मिळाले, तर तेथील यादी छोटी असली तरी मी माझ्या मुलाचे नाव तिथेच घालेन.