दुसऱ्या फळीची कार्यशाळा: पहिला दिवस चोख, दुसरा पोकळ

प्रमुखानंतर संस्था सांभाळणारी माणसं, म्हणजे दुसरी फळी, कशी तयार करायची हे शिकवणारी, लहान-मध्यम स्वयंसेवी संस्थांसाठीची ही दोन दिवसांची निवासी कार्यशाळा. फी संस्थेमागे, माणशी नाही. एकट्या संस्थापकाला प्रवेश नाही; एक विश्वस्त आणि दुसऱ्या फळीतला एक कार्यकर्ता सोबत आणावाच लागतो. अर्धे गुण या अटीलाच द्यायला हवेत. संस्थापक एकटे आले की ‘आमच्याकडे अजून कुणी तयार नाही’ एवढंच सांगून परत जातात, आणि ते खोडायला समोर कुणी नसतं.

पहिल्या दिवसाचा जीव एका तक्त्यात आहे. ‘प्रमुख उद्यापासून तीन महिने नाहीत’ असं धरून चौकटी भरायच्या: चेकवर सही कोणाची, डिजिटल सहीचं टोकन कोणाच्या कपाटात, प्राप्तिकर पोर्टलचा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर, सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधी देणाऱ्या कंपनीसाठीचा तिमाही अहवाल कोण लिहितं. चौकटीमागून चौकट एकच नाव उतरतं. मग प्रत्येकीसमोर दुसरं नाव आणि हस्तांतराची तारीख लिहायची. तारखेचा रकाना कोरा सोडू देत नाहीत, हे विशेष.

नेतृत्व घडवण्यासाठी ७०-२०-१० चं सूत्र वापरलंय: ७० टक्के कामातून, २० टक्के ज्येष्ठांच्या सोबतीतून, १० टक्के प्रशिक्षणातून. इथे सल्ला नेमका आहे. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक दुसऱ्या फळीनं मांडायचं, देणगीदारांच्या बैठकीत तिनंच बोलायचं, ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च तिनं विचारल्याशिवाय मंजूर करायचा. शेवटचं जमलं नाही तर आधीची दोन्ही नुसती हमाली ठरतात. माणसांना कामगिरी आणि क्षमतेनुसार नऊ चौकोनांत बसवणारा तक्ता मात्र कंपन्यांकडून जसाच्या तसा उचललेला. चौदा माणसांच्या संस्थेत त्यातून रुसवेफुगवेच निघणार.

दुसऱ्या दिवशी कायद्याची बाजू वीस मिनिटांत उरकतात, आणि गाडी अडते ती तिथेच. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती देणारा अर्ज, द्यावा लागतो. सभेची नोटीस, ठराव, राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, नव्या विश्वस्ताचं संमतिपत्र, हे सगळं जोडून. नोटिशीची मुदत किंवा गणपूर्ती संस्थेच्या घटनेप्रमाणे नसेल तर निवडच वादात येते. जुने चेंज रिपोर्ट पडून असले तर नवाही रखडतो, शेड्यूल १ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, वारलेल्या विश्वस्ताचं नाव तसंच राहतं आणि बँक सही बदलून देत नाही. परदेशी निधी घेणाऱ्यांना पदाधिकारी बदलले की ४५ दिवसांत एफसी-६ई हा परदेशी निधीच्या कायद्याखालचा फॉर्म भरावा लागतो. त्याचा तर उल्लेखही नाही.

निवृत्त संस्थापकानं बसायचं कुठे, यावरही एक सत्र हवं होतं. ‘मार्गदर्शक’ म्हणून त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसले की कर्मचारी रजेचा अर्जसुद्धा तिथेच नेतात आणि नवा प्रमुख नावापुरता उरतो. सहा महिने दोघांनी मिळून काम, मग खोली आणि सही दोन्ही सोडायची, इतकं तरी लेखी ठरवून द्यायला हवं होतं.

प्रमुखाच्या निवृत्तीला दोन-तीन वर्षं असतील तर जरूर जा. महिनाभरच उरला असेल तर आधी वकील गाठा. जाताना संस्थेच्या घटनेची प्रत आणि शेड्यूल १ चा ताजा उतारा बरोबर असू द्या. आयोजक मागत नाहीत, पण पहिल्या दिवसाचा तक्ता या दोन कागदांशिवाय खरा भरता येत नाही.