कीमॅनवर आठ महिने: वऱ्हाडी उच्चार टाइप करताना

वऱ्हाडी शब्द गोळा करायला घेतले तेव्हा वाटलं होतं, माणसांना बोलतं करणं अवघड जाईल. ते सोपं गेलं. अडलं ते ऐकलेलं कॉम्प्युटरवर उतरवताना. माझ्या स्प्रेडशीटमध्ये दोन मुख्य रकाने आहेत: एकात देवनागरीत शब्द, शेजारच्यात आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत (आयपीए) त्याचा उच्चार. पहिले तीन महिने ध्वनिलिपीची चिन्हं एका तक्त्यावरून कॉपी-पेस्ट करत होते. त्यानंतर कीमॅन घेतलं, त्याला आता आठ महिने झाले.

कीमॅन हे एसआयएल या संस्थेचं मोफत सॉफ्टवेअर. ते बसवलं की आपल्याला हवा तो कीबोर्ड त्यात घालता येतो. मी आयपीएचा घातला. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की इंग्रजीवरून मराठी इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या प्रमाण कीबोर्डवर, तिथून आयपीएवर जाता येतं. रीत अशी की आधी रोमन अक्षर दाबायचं आणि लगेच एक खूण. ई दाबून बरोबरचं (=) चिन्ह दाबलं की उलटा ई येतो; 'घर'मधला घ उच्चारताना जो अ येतो, तो. एस दाबून तेच चिन्ह दिलं की श. एन दाबून 'पेक्षा मोठे'ची खूण दिली की 'रंग'मधलं अनुनासिक. तक्ता छापून भिंतीला लावला होता. दोन आठवड्यांनी त्याच्याकडे बघणं थांबलं आणि महिन्याभरात तो काढून टाकला.

वर्डमध्ये आणखी एक वाट आहे: ०२५९ हा त्या चिन्हाचा युनिकोड संकेतांक, म्हणजे ठरलेला क्रमांक, टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबायचं, उलटा ई हजर. फक्त आकडे इंग्रजीतच लागतात. एखादं चिन्ह क्वचित लागत असेल तर ही युक्ती उत्तम. रोज पन्नास शब्द लिहायचे असतील तर नाही.

आता खरं कारण सांगते, ज्यासाठी हे लिहायला बसले. कॉपी-पेस्टच्या दिवसांत जे चिन्ह आणायला त्रास पडायचा, तो आवाज मला ऐकू येणंच कमी झालं होतं. 'चिंच' घ्या. पहिला च 'चिमणी'तला, दुसरा 'चाक'मधला. एकाच शब्दात दोन वेगळे च, आणि देवनागरीत दोन्हींना एकच अक्षर. ध्वनिलिपीत दुसऱ्या च-साठी टी आणि एस शेजारी ठेवून त्यांच्या डोक्यावर एक जोडकंस द्यावा लागतो. तेवढ्यासाठी तीनदा तक्त्याकडे जायचं जिवावर यायचं, म्हणून मी दोन्हीकडे एकच च टाकत गेले. 'जरा', म्हणजे थोडं, आणि 'जरा', म्हणजे म्हातारपण, यांच्या नोंदीही सारख्याच झाल्या. कीमॅन हाताला बसल्यावर जुन्या ध्वनिफिती पुन्हा ऐकल्या, तेव्हा शंभरावर शब्द दुरुस्त करावे लागले.

आणि मावशी. ती 'डोया' म्हणते, तिची सून 'डोळा'. वऱ्हाडीत ळ-चा य होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मी मावशीच्या नावापुढे डोळे झाकून य लिहीत होते. एका दुपारी समोर बसून तिथल्या तिथे टाइप करत गेले, तर मावशी सुनेशी बोलताना 'डोया' आणि माझ्याकडे वळली की 'डोळा'. मी शहरातून आलेली, म्हणून. दोन्ही उच्चार, कोणाशी बोलताना आले त्यासकट, नोंदवले. "काय लिवून राह्यली वं एवढं?" तिनं विचारलं. वाचून दाखवलं तर तिलाच नवल वाटलं.

देवनागरीकडेही तेवढंच लक्ष द्यावं लागलं. 'वऱ्हाडी' या नावातच अर्धचंद्री र आहे. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू, की ऱ्ह तयार. काही जण तोच आकार साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक घालून आणतात. डोळ्याला फरक कळत नाही, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा सुटतो. माझ्या यादीत दोन्ही प्रकारचे 'वऱ्हाडी' निघाले. 'दुःख'मध्ये विसर्गाऐवजी कोलन टाकणाऱ्यांनाही हेच भोगावं लागतं. ध्वनिलिपीत दीर्घ स्वराची खूण कोलनसारखी दिसते, पण ती कोलन नव्हे. जुन्या नोंदींत मी कोलनच टाकला होता. तो बदलेपर्यंत दीर्घ स्वरांचे शब्द गाळून घेता येत नव्हते. दंत्य च, म्हणजे 'चाक'मधला, देवनागरीतही दाखवायचा तर खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देते: च़. इनस्क्रिप्टवर तो उजव्या चौकटी कंसाच्या कळीवर आहे.

फॉन्टबद्दल एकच सल्ला: ध्वनिलिपीसाठी चारिस किंवा डुलॉस वापरा. दोन्ही एसआयएलचेच, मोफत. त्यांत जोडकंस दोन्ही अक्षरांच्या बरोबर मधोमध बसतो. साध्या फॉन्टमध्ये तो बाजूला घसरतो किंवा त्याजागी चौकोन उमटतो.

खरी परीक्षा छपाईच्या वेळी झाली. एका दिवाळी अंकासाठी निवडक साठ शब्द पाठवले. तिथे मजकूर युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात. पहिलं प्रूफ आलं, त्यात शीर्षकच 'वर्हाडी' झालेलं, म्हणजे र-चा रफार होऊन ह-च्या डोक्यावर. ध्वनिलिपीच्या रकान्यात चौकोनच चौकोन. तीन दिवस फोनवर गेले. शेवटी फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ पाठवली आणि ती पानं तशीच चित्र म्हणून लावा, असं सांगितलं. त्या डीटीपीवाल्या दादांनी मनावर घेतलं, एकेक शब्द माझ्या यादीशी ताडून पाहिला. दुसऱ्या प्रुफात 'चिंच'च्या दुसऱ्या च-वरचा कंस जागेवर होता.