गोमधील लेझी इटरेटर: प्रमाण लायब्ररी, गो-फंक्शनल की लो?

कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या दूध संस्थेच्या वर्षभराच्या संकलनाच्या नोंदी एका मोठ्या सीएसव्ही फाइलमध्ये आहेत असे धरू. प्रत्येक ओळीत सभासद क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅटशिवायचे घन घटक) आहे. गायीच्या दुधाच्या ज्या नोंदींत फॅट ३.५ च्या खाली आहे, त्यांपैकी पहिल्या २० तपासणीसाठी काढायच्या आहेत. विसावी नोंद सापडताच फाइल वाचणे थांबले पाहिजे, एवढीच गो या प्रोग्रामिंग भाषेतील लेझी इटरेटरकडून, म्हणजे मागितल्यावरच एकेक घटक देणाऱ्या रचनेकडून, अपेक्षा आहे.

गो १.१८ मध्ये, म्हणजे मार्च २०२२ मध्ये, जेनेरिक्स, म्हणजे एकच फंक्शन अनेक प्रकारांच्या डेटासाठी लिहिण्याची सोय, आली. त्याआधीची गो-लिंक ही लायब्ररी लेझी होती खरी, पण तिच्या तिसऱ्या आवृत्तीत सगळा व्यवहार रिकाम्या इंटरफेसमधून (कोणतेही मूल्य घेणाऱ्या प्रकारातून) चालत असल्यामुळे प्रकारांची चूक प्रोग्राम चालू असतानाच उघडकीस येते. नव्या कामासाठी ती आवृत्ती निवडण्याचे कारण मला दिसत नाही.

लो ही लोकप्रिय लायब्ररी जेनेरिक आहे, परंतु तिची मूळ फिल्टर (गाळणे) आणि मॅप (रूपांतर करणे) ही फंक्शने स्लाइस, म्हणजे मेमरीतील पूर्ण यादी, घेतात आणि स्लाइसच परत देतात. आपल्या उदाहरणात आधी पूर्ण फाइल मेमरीत येईल, मग वर्षभराच्या नोंदी गाळल्या जातील आणि त्यानंतर २० उचलल्या जातील. एका महिन्याच्या नोंदींसाठी हे मुळीच वावगे नाही. किरकोळ अडचण अशी की लोला दिलेल्या फंक्शनला (कॉलबॅकला) घटकाबरोबर त्याचा अनुक्रमांकही घ्यावा लागतो, त्यामुळे आधीचे तयार फंक्शन बहुधा जसेच्या तसे देता येत नाही.

ऑगस्ट २०२४ मधील गो १.२३ पासून फंक्शनवर थेट रेंज (फॉर लूप) चालवता येते आणि इटर पॅकेजमधील सीक हा इटरेटरचा प्रमाण प्रकार ठरला आहे. फाइल वाचणाऱ्या फंक्शनच्या आतच ती उघडून डिफरने (फंक्शन संपताना चालणाऱ्या आदेशाने) बंद करण्याची सोय केली, की यील्डकडून (लूपला घटक देणाऱ्या फंक्शनकडून) फॉल्स, म्हणजे ‘आता पुरे’, येताच रिटर्न करायचे आणि फाइल आपोआप बंद होते. फॉल्स मिळूनही यील्ड पुन्हा बोलावले, तर मात्र पॅनिक होतो. स्लाइसेस आणि मॅप्स पॅकेजांत इटरेटरचे घटक गोळा करण्याची सोय आहे. फिल्टर, मॅप, टेक (पहिले काही घटक घेणे) मात्र स्वतः लिहावे लागतात. प्रत्येकी पाच-सात ओळींचे काम आहे, पण तेच प्रत्येक प्रकल्पात नव्याने लिहिणे कंटाळवाणे होते.

ही उणीव गो-फंक्शनलची दुसरी आवृत्ती भरून काढते. ती सीकवरच उभी असल्याने तिचे इटरेटर साध्या फॉर लूपमध्येही चालतात. साखळी पद्धतीने लिहिण्याची सोयही तिच्यात आहे. पण गो १.२३ मध्ये मेथडला स्वतःचा टाइप पॅरामीटर (नवा प्रकार) घेता येत नसल्याने नोंदीवरून सभासद क्रमांकाकडे जाताना साखळी तुटते, आणि एकात एक गुंफलेली फंक्शने आतून बाहेर वाचावी लागतात.

माझ्या मते निवडीचा खरा कस त्रुटी हाताळताना लागतो. फॅटचा रकाना रिकामा असेल, तर वाचणारे फंक्शन सीक२ मधून (एका वेळी दोन मूल्ये देणाऱ्या सीकमधून) शून्य मूल्याची नोंद आणि त्रुटी अशी जोडी देईल. गाळणीची अट फक्त फॅट पाहत असेल, तर शून्य हे ३.५ पेक्षा कमीच असल्याने ती ओळ कमी फॅटच्या यादीत जाईल आणि बिचाऱ्या सभासदावर विनाकारण ठपका येईल. प्रकार बरोबर असल्यामुळे कंपायलर काहीच बोलणार नाही. गो-फंक्शनल वापरा किंवा स्वतःची गाळणी लिहा, त्रुटी आधी तपासणे तुमच्याच हाती राहते. साध्या लूपमध्ये ते डोळ्यांसमोर असते, साखळीत नजरेआड होऊ शकते. म्हणून फाइल किंवा डेटाबेसमधून येणाऱ्या प्रवाहासाठी मी प्रमाण सीक२ आणि साधा लूपच घेईन, आणि त्रुटी निस्तरून झाल्यावर पुढे तीन-चार टप्पे असतील तरच गो-फंक्शनल आणीन.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांसाठी जुनी प्रणाली सांभाळणाऱ्यांनी मात्र आधी गो.मॉड या प्रकल्पाच्या फाइलमधील गोची आवृत्ती पाहावी. ती १.१८ ते १.२२ यांमधील असेल आणि लगेच वाढवता येणार नसेल, तर छोट्या याद्यांसाठी लो आणि मोठ्या फाइलसाठी ब्रेक असलेला साधा फॉर लूप, एवढेच दोन पर्याय उरतात.